वावरात जुनी मूर्ती निघाली तर आधी काय करायचं

तापी-गिरणेच्या काठाला नांगरताना, विहीर खोदताना जुनी खापरं निघतातच, प्रकाशे आणि बहाळला तर उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची वस्ती सापडलीये. उद्या जेसीबीच्या बकेटला पितळी-कांस्य मूर्ती लागली तर पहिलं काम म्हणजे मशीन बंद. मूर्ती उचलायच्या आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी विहीर नाहीतर बांध दिसेल असे, लोकेशन ऑन ठेवा, गट नंबर, तारीख, किती खोल होती ते लिहून ठेवा आणि चिंच नाहीतर पितांबरी लावून घासू अजिबात नका, ती माती राहू द्या.

मातीचा एवढा आग्रह का, तर तुर्कस्तानातल्या बुबोन या प्राचीन शहराचं बघा. तिथे १९६०च्या दशकात गावकऱ्यांनी चोरून खोदून रोमन सम्राटांचे मोठमोठे कांस्य पुतळे काढले, दलालांना विकले, मागे दगडी चौथरे तेवढे उरले, त्यावर सम्राटांची नावं कोरलेली. त्यातलाच मार्कस ऑरेलियसचा मानला जाणारा बिनडोक्याचा पुतळा अमेरिकेतल्या क्लीव्हलंड म्युझियमने १९८६ ला घेतला. जाले इनान नावाच्या तुर्की पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी गावात जाऊन लोकांकडून माहिती काढली, कुठला पुतळा कुठल्या चौथऱ्यावरचा ते जुळवायला घेतलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी पुतळा जप्त केला, म्युझियम कोर्टात गेलं, मग तपासण्या झाल्या. पुतळ्याच्या आतली माती आणि पाय बसवायला वापरलेलं शिसं बुबोनशी जुळलं आणि २०२५ मध्ये म्युझियमने तो परत द्यायचं मान्य केलं. जवळपास साठ वर्षं गेली हो यात! सापडल्या दिवशीचा एक कागद असता तर एवढं करावंच लागलं नसतं.

तर फोटो झाले की पोलीस पाटील, तलाठ्याला सांगा आणि पंचनामा करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका, १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने जमिनीत दडलेली दहा रुपयांच्या वरची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवावंच लागतं, काय सापडलं, कुठे, कधी, सगळं. अर्जावर पोच घ्या, झेरॉक्स घरी ठेवा. लपवलं तर आपला हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

आणि "सरकार फुकट नेतं" हे खरं नाही, सरकारने ती वस्तू घ्यायची ठरवली तर ती ज्या धातूची किंवा मालाची आहे त्याची किंमत अधिक त्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. वावर दुसऱ्याचं असेल आणि आपसात वेगळं ठरलेलं नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश, म्हणून अर्जात दोघांची नावं पहिल्या दिवशीच टाका.