उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या पंपाचे सील तोडू नका

मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात पारा ४० अंशांच्या वर असताना नांगरट व रोटाव्हेटरची कामे रात्रंदिवस चालतात. ट्रॅक्टर ओढत नाही असे वाटताच मिस्त्रीकडून डिझेल पंपाचे (इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचे) कंपनीने लावलेले सील तोडून डिझेल वाढवून घेतले जाते. पुढे ऐन पेरणीत, वापसा आलेला असताना, तेच इंजिन खोलावे लागते आणि ओल हातची जाते. दरवर्षी हे पाहतो आहे, म्हणून इतर सर्व सूचनांच्या आधी हीच देतो.

डिझेल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे साडेचौदा पट हवा लागते आणि प्रत्यक्षात इंजिनाला त्याहूनही अधिक हवा हवी असते. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या ट्रॅक्टरमध्ये पंप वाढवल्याने हवा वाढत नाही; शिवाय तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे जादा डिझेल अर्धवट जळून काळा धूर येतो, पिस्टनचा माथा व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अतितापतात, लायनरवरचा (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीवरचा) ऑइलचा थर धुतला जाऊन रिंगा झिजतात आणि न जळलेले डिझेल खाली उतरून ऑइल पातळ करते, ज्याचा फटका शेवटी क्रँकच्या बेअरिंगला बसतो. टाइमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, बेताबाहेर पुढे घेतल्यास इंजिन ठोकते आणि हेड गॅस्केट जाते.

ओढ कमी होण्याचे कारण बहुधा पंपात नसून धुळीने भरलेल्या एअर क्लीनरमध्ये असते. ऑइल बाथ क्लीनरची (ऑइलमध्ये धूळ पकडणाऱ्या एअर क्लीनरची) वाटी धुळीच्या कामात दर ८ ते १० तासांनी उघडून पाहावी, गाळ बसला असल्यास धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरू नये. वाटीपुढचा रबरी पाइप चिरलेला असेल तर सगळी मेहनत वाया जाते, कारण धूळ थेट लायनरमध्ये जाते.

नेहमीची कामे :
- रेडिएटरच्या जाळीतील भुसा काढणे
- कूलंट व फॅनबेल्ट तपासणे
- डिझेल फिल्टर वेळेवर बदलणे
- इंजिन ऑइल पुस्तिकेतील तासांनुसार, बहुतेक ठिकाणी २५० तासांनी, बदलणे
- टॅपेटची फट व नोजलचा (डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) दाब पुस्तिकेप्रमाणे ठेवणे

मायलेज वाढते असे सांगून दुकानदार गळ्यात मारतात त्या मिश्रणाच्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. तेवढ्या पैशांत चांगले ऑइल येते.

पंप आधीच वाढवलेला असल्यास तो टेस्ट बेंचवर (पंप तपासण्याच्या यंत्रावर) कंपनीच्या मापावर आणून पुन्हा सील करून घ्यावा. तोपर्यंत एक गियर खाली टाकून, नांगराची खोली कमी करून काम करावे. अनुभवाने सांगतो, रोज सकाळी डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी) काढून वास घ्यावा. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा डिझेलचा वास आला, तर त्या दिवशी ट्रॅक्टर शेतात नेऊ नये.