पेटारा सोडा, पलंगापाशी बसा

माझी पहिली ऐतिहासिक कथा साभार परत आली, तेव्हा समासात संपादकांनी पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती : 'भाला लागणार नाही हे मला माहीत आहे.' कथा आग्र्याहून सुटकेची. पेटाऱ्यात महाराज, पहारेकऱ्यानं भाला उगारलेला, आणि तिथं तीन उद्गारचिन्हं ठोकून मी प्रकरण तोडलेलं. वाईट वाटलं, पण खोटं काय होतं त्यात? 1674 ला राज्याभिषेक झाला हे चौथीतलं पोरही सांगतं. त्याला 1666 च्या भाल्याची भीती कशी घालणार?

वाट दाखवली ती वर्गानं. हाच धडा शिकवत होते. पेटारे बाहेर पडले, पोरं खूश झाली. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, पण हिरोजी तर आतच राहिला ना?" वर्ग गप्प.

तेव्हापासून मी असं करते. ज्याचं जगणं वाचकाला पाठ आहे, त्याच्या शेजारून उठायचं आणि ज्याचं पुढं काय झालं हे वाचकाला आठवत नाही, त्याच्यापाशी जाऊन बसायचं. हिरोजी फर्जंद महाराजांच्या पलंगावर निजलेला आहे. अंगावर पांघरूण, बाहेर फक्त हात, त्यात महाराजांचं सोन्याचं कडं. एक पोऱ्या पाय चेपतोय. आता त्याला काम द्या, आणि काम जितकं क्षुल्लक तितकं बरं. हाताला मुंग्या आल्यात, हलवायचा कसा? खोकला आला तर आवाज कुणाचा काढायचा? मी अडीच पानं नुसत्या त्या हातावर लिहिली. तलवार एकदाही उपसली नाही.

वाचकाला शेवट माहीत आहे, ही अडचण समजू नका. पहारेकऱ्याला तो माहीत नाही, त्याचा फायदा घ्या. मिठाईचे पेटारे रोज जायचे. आधी कसून तपासणी व्हायची, मग ती ढिली पडली. हे एका वाक्यात उरकू नका. पहिल्या दिवशी सगळे पेटारे उघडा, आठवड्यानं दोन, पुढं नुसतं झाकणावर थापटणं. आणि एका शिपायाला मिठाईची चटक लावा. (हा शिपाई माझा, बखरीतला नव्हे.) 17 ऑगस्टला तो आशेनं पेटाऱ्याकडे सरकला, की वाचक राज्याभिषेक विसरतो. महाराज पेटाऱ्यात बसूनच गेले का, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपल्याला तो सोयीचाच. सुटले हे ठाऊक, कसे सुटले ते अंधारात, म्हणजे 'कसे' आपल्या हातात राहतं.

किंमत मात्र खरी घ्या. हिरोजी दुसऱ्या दिवशी, 'महाराजांचं डोकं दुखतंय, गलका करू नका' असं पहाऱ्याला बजावून निसटला. पण महाराजांच्या माणसांपैकी रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर सापडले, त्यांचे हाल झाले. नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत मागं ठेवावं लागलं. बापाला तिथून पाऊल उचलायचं आहे, जिवाला धोका असो वा नसो. तो प्रसंग मी अजून नीट लिहू शकलेले नाही. दर वेळी संवाद जास्त होतात.

काल्पनिक मालिकेतल्या नायकालाही हेच लागू. पुढचा भाग जाहीर झालेला असताना त्याला कड्यावरून लटकवू नका, वाचक पान उलटून चहा ठेवायला जातो.

अडलात तर एक करून बघा. नायक खोलीतून बाहेर पडल्यावर आत कोण उरतं ते शोधा. त्याच्या जागेवरून एक पान लिहा, नायकाचं नाव न घेता. दाराबाहेर पावलं वाजू द्या. कुणाची, ते पुढच्या पानापर्यंत सांगू नका.