विटेची भिंत कशी बांधावी: घोळ होतो तो पाण्याचा

भिंत पक्की व्हायला काय करावं असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: सिमेंट सढळ हाताने घाला. इतक्यांदा ऐकलंय की मी आता वादही घालत नाही. माल, म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाणी कालवून केलेलं मिश्रण, गरजेपेक्षा कडक झाला की वाळताना जास्त आकसतो, आणि भिंत जराशी दबली तर सांध्याऐवजी वीटच तडकते. सांध्यातली चीर बुजवता येते, विटेतली निस्तरत बसावी लागते. नऊ इंची भिंतीला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), चार इंचीला १:४, एवढं पुरतं.

पाया झालाय, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून कोपरे आखलेत, दोरी ताणलीय, असं धरून चालतो.

वीट पारखायला प्रयोगशाळा नको. दोन विटा एकमेकींवर आपटा, आवाज खणखणीत यायला हवा. नखाने ओरखडा उठत असेल तर ती वीट बाजूला काढा. वाळूसाठी काचेचा ग्लास घ्या, अर्धा वाळूने भरा, पाणी ओतून ढवळा आणि काही तास तसाच ठेवा. वाळूवर गाळाचा जाड थर बसला तर ती धुवा किंवा परत पाठवा. आणि मोजताना लक्षात ठेवा, ओलसर वाळू फुगते. बारीक असेल तर जवळजवळ पाव पट जास्त भरते, म्हणजे सहा घमेली मोजलीत तरी खरी वाळू पाचच्या आसपास. माल कालवायला पिण्याजोगं पाणी वापरा.

आता विटा भिजवणं. इथे मी दोनदा तोंडघशी पडलोय.

पहिल्यांदा भर उन्हात ढिगातली वीट उचलायची आणि लावायची, असा सपाटा लावला होता. वरून दोन-चार तांबे पाणी शिंपडलं, तेवढ्यावर समाधान. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या थरातली एक वीट सहज हलवून पाहिली तर ती अलगद हातात आली. तळ कोरा करकरीत, आणि खालचा माल बोटाने खरवडला तर भुगा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. ते पाणीच विटेने पिऊन टाकलं तर उरते नुसती राखाडी वाळू.

मग मी दुसरं टोक गाठलं. विटा रात्रभर टाकीत, आणि सकाळी टाकीतून थेट भिंतीत. ओथंबलेली वीट माल धरेना, थापीने जरा ठोकली की सरकायची. पाचव्या-सहाव्या थराला खालचे सांधे दबून माल बाहेर ओघळला. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते बघायला) सोडला तर भिंतीला मधोमध बोटभर पोट आलेलं. पाडावी लागली.

तेव्हा भाजलेल्या मातीच्या विटेची रीत अशी: वीट पूर्ण बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत आत राहू द्या. मग काढून उभ्या रचा आणि निथळू द्या. वरची चकाकी गेली पाहिजे, पण हात लावला तर गारवा लागला पाहिजे. तीच वेळ. 'इतके तास भिजवा' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक भट्टीची वीट वेगळं पाणी पिते. शंका असेल तर विटेवर इंचभर व्यासाचं वर्तुळ काढा आणि त्यात पाण्याचे २० थेंब टाका. दीड मिनिटाच्या आत जिरले तर वीट अजून तहानलेली आहे.

खरी परीक्षा भिंतीवर होते. पहिल्या काही विटा लावल्या की पाच मिनिटांनी एक उपटून बघा. माल दोन्हीकडे चिकटलेला हवा, खालच्या विटेलाही आणि वरच्या विटेच्या तळालाही. एकच बाजू कोरी निघाली तर पाण्याचा हिशेब चुकलाय. ती वीट लावताना माल नवा घ्या, उपटलेली वीट जुन्याच मालावर परत दाबून बसवू नका.

हे सगळं मातीच्या विटेपुरतं. एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे) टाकीत बुडवायचे नसतात, लावायची बाजू ओली केली की झालं.

माल आधी कोरडा कालवा, रंग एकसारखा झाल्यावरच पाणी घाला. थापीवर घेऊन तिरकी केली तर घसरू नये, झटकली तर सुटावा, इतपत. पाणी घातल्यापासून दोन तासांत संपेल तेवढाच करा. जेवणाच्या सुट्टीनंतर आवळलेल्या मालात तांब्याभर पाणी ओतून तो 'जिवंत' करणारे मी पाहिलेत. तो माल टाकूनच द्यायचा.

रचाईत विशेष काही नाही. विटेच्या एका बाजूला असलेली खाच वर, सांधा १० मिलिमीटर, खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरचा उभा सांधा येऊ द्यायचा नाही, दर तीन-चार थरांनी ओळंबा. एवढं मात्र पाळा: उभ्या सांध्यासाठी विटेच्या टोकाला माल लावूनच ती शेजारणीला भिडवा. नंतर वरून माल कोंबला तर आत पोकळी राहते आणि पावसात ओल तिथूनच येते.

एका दिवसात दीड मीटरच्या वर चढू नका. प्लास्टर करायचं असेल तर माल ओला असतानाच सांधे १० मिलिमीटर खरवडून ठेवा.

पाणी मारायचं ते निदान सात दिवस. पहिल्या दिवशी पाइपची धार मारू नका, ताजा माल धुऊन निघतो. ओलं गोणपाट टाका. उन्हाच्या बाजूचं गोणपाट दुपारपर्यंत कोरडं पडतं, तिकडे एक फेरी जास्त मारा.