आखाती मॉलमध्ये गाळा घेण्याआधी गर्दी कशी मोजावी

आखातातल्या कुठल्याही मोठ्या मॉलच्या लीजिंग ऑफिसात बसलात की पहिला आकडा पुढे येतो तो फूटफॉलचा, म्हणजे आत आलेल्या माणसांचा. दुबई मॉलचा 2024 चा आकडा 11 कोटी 10 लाख, म्हणजे दिवसाला तीन लाखांवर. हा आकडा दारावरच्या सेन्सरचा असतो, गल्ल्यावरचा नव्हे. त्या वर्षी दुबईत मुक्कामाला आलेले पर्यटक होते 1 कोटी 87 लाख आणि शहराची वस्ती 39 लाखांच्या आत. प्रत्येक पर्यटक दोनदा मॉलमध्ये आला असं धरलं, तरी बेरीज जुळायला दुबईतल्या प्रत्येक रहिवाशाने, तान्ह्या बाळासकट, वर्षात 19 फेऱ्या माराव्या लागतात. थोडक्यात, तीच माणसं पुन्हापुन्हा मोजली जातात. फोन घ्यायला बाहेर गेलेला माणूस परत आत आला की सेन्सरच्या लेखी दुसरा पाहुणा.

शिवाय दुबई मॉलमध्ये येणारे बरेच जण कारंजं बघायला, मत्स्यालयापाशी फोटो काढायला किंवा बुर्ज खलिफावर चढायला आलेले असतात. बुर्जच्या निरीक्षण मजल्यावर जायचा रस्ताच मॉलमधून आहे. ऑगस्टमध्ये बाहेर पारा 40 च्या वर असताना नुसतं पाय मोकळे करायलाही लोक मॉलमध्येच येतात. गर्दी खरी असते, पण ती तुमचं गिऱ्हाईक असेलच असं नाही.

ऑफिसात काय मागायचं

वार्षिक बेरीज बाजूला ठेवा. मागच्या 24 महिन्यांचा महिनावार आकडा मागा, तोही मजला आणि विभागवार. सेन्सर कुठल्या दारांवर आहेत आणि कर्मचाऱ्यांची ये-जा वगळली आहे का, हे विचारा. हजारभर दुकानांच्या मॉलमध्ये विक्रेते, सफाईवाले, पहारेकरी मिळूनच मोठी संख्या होते.

त्याहून कामाचा प्रश्न: तुमच्या प्रकारच्या दुकानांची चौरस फुटामागे विक्री किती? जिथे भाडं विक्रीच्या टक्केवारीला जोडलेलं असतं, तिथे भाडेकरू दर महिन्याला विक्रीचा हिशेब मॉलला देतात. म्हणून हा आकडा मॉलकडे असतो. एकेका दुकानाचा कुणी देणार नाही, पण कपडे, चपला, अत्तरं अशा गटाची सरासरी मिळू शकते. ती द्यायलाही टाळाटाळ झाली तर त्या टाळाटाळीची नोंद करा.

भाड्यापासून उलटं गणित

नवखा माणूस गर्दी बघून विक्रीचा अंदाज बांधतो. आपण भाड्यापासून मागे यायचं. समजा गाळा 1,000 चौरस फुटांचा आणि वर्षाचं भाडं चौरस फुटाला 300 दिरहम. (दर फक्त हिशेबापुरता धरलाय, मॉलगणिक आणि मजल्यागणिक तो खूप बदलतो.) भाडं झालं 3 लाख. सर्व्हिस चार्ज, मार्केटिंगची वर्गणी आणि एसीसाठीच्या थंड पाण्याचं, म्हणजे चिल्ड वॉटरचं बिल मिळून आणखी 60 हजार. एकूण 3 लाख 60 हजार.

जागेचा खर्च विक्रीच्या 15 टक्क्यांत बसवायचा असेल तर वर्षाला 24 लाखांची विक्री हवी, म्हणजे रोज सुमारे 6,575 दिरहम. सरासरी बिल 120 दिरहमचं धरलं तर रोज 55 बिलं. आत आलेल्या शंभरातले 15 जण खरेदी करतात असं धरा. मग रोज 367 माणसं दुकानात शिरायला हवीत. समोरून जाणाऱ्या शंभरातले 5 आत वळतात असं धरलं, तर दिवसाला 7,300 च्या वर माणसं दारावरून जायला हवीत. बारा तास उघड्या दुकानासमोर हे मिनिटाला दहा पडतं. तिथे उभं राहून मोजायचा आकडा हाच.

15 आणि 5 हे टक्के डोळे मिटून घेऊ नका. दागिन्यांच्या दुकानात शिरणारे कमी आणि बिल मोठं, मोबाइलच्या कव्हरच्या टपरीवर नेमकं उलट. आणि बिल व्हॅट वगळून धरा. अमिरातीत 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे आणि छापील किमतीत तो धरलेला असतो, म्हणजे 126 ची पावती फाडली की तुमच्या वाट्याला 120 येतात. सौदीत हाच कर जुलै 2020 पासून 15 टक्के, बहारीनमध्ये 2022 पासून 10. दुबईचं कोष्टक जसंच्या तसं सौदीत रियाधला नेलंत तर इथेच फसाल.

प्रत्यक्ष मोजणी

हातातला टॅली काउंटर, म्हणजे बटण दाबून मोजायचं यंत्र घ्या आणि गाळ्यासमोरच्या बाकावर किंवा कॉफीच्या टेबलावर बसा. कॅमेरा काढू नका. परवानगीशिवाय चित्रीकरण केलं तर पहारेकरी येतो. एका वेळी 15 मिनिटं मोजा आणि चाराने गुणा. फक्त गाळ्याच्या बाजूने जाणारे धरा. मधल्या मोकळ्या जागेपलीकडून जाणाऱ्याला तुमची काच दिसत नाही.

दुसरी मोजणी पार्किंगच्या लिफ्टपाशी करा. आखातात बहुतेक कुटुंबं गाडीने येतात, त्यामुळे मॉलचं खरं दार पार्किंगमध्ये असतं. बाहेर पडणाऱ्या शंभर माणसांपैकी किती जणांच्या हातात पिशवी आहे ते मोजा. हायपरमार्केटच्या ट्रॉल्या वेगळ्या लिहा. किराणा भरायला आलेलं कुटुंब बऱ्याचदा तळमजल्याच्या पार्किंगमधून चढतं, ट्रॉली भरतं आणि तसंच खाली उतरतं. मॉलच्या आकड्यात ते चार पाहुणे. तुमच्या मजल्यावर एकही नाही.

किमान पाच वेळा मोजा: मधल्या वाराची सकाळ आणि संध्याकाळ, शुक्रवारची रात्र, आठवडी सुट्टीची रात्र, आणि पगार झाल्यावरचा पहिला शनिवार. महिनाअखेरीच्या कडकीत मोजलेला आकडा आणि पगारानंतरचा आकडा यांची सरासरी काढताना पगाराचा आठवडा महिन्यात एकदाच येतो हे विसरू नका. सुट्टीचा वारही देशागणिक बदलतो. अमिरातीत जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस. सौदी, कतार, कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार.

रमजान आणि उन्हाळा

रमजानमध्ये दुपारी मॉल ओस असतो आणि इफ्तारनंतर मध्यरात्र उलटेपर्यंत गजबजतो. ईदच्या आधीचे दहा दिवस कपडे आणि अत्तरांची दुकानं वर्षाची कमाई करतात. पण रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2025 मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला आला, 2026 मध्ये फेब्रुवारीच्या मध्यानंतर. त्यामुळे या वर्षीचा मार्च गेल्या वर्षीच्या मार्चशी ताडून पाहणं म्हणजे दिवाळीच्या आठवड्याची तुलना श्रावणातल्या आठवड्याशी करणं. रमजान रमजानशीच ताडा. 2030 साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी.

जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद असतात आणि परदेशी नोकरदारांची कुटुंबं मायदेशी जातात. दुबईचा शॉपिंग फेस्टिव्हल 1996 पासून हिवाळ्यात भरतो, तर दोनच वर्षांनी सुरू झालेला समर सरप्रायझेस हा खरेदीचा उत्सव उन्हाळ्याची हीच पोकळी भरायला आला. पर्यटकांवर चालणाऱ्या मॉलला जानेवारीत बघून करार केलात तर जुलैत रडाल. वस्तीतल्या मॉलमध्ये हा चढउतार कमी असतो.

गिऱ्हाईक कुठून येतं

याबाबतीत दोहा बघण्यासारखं आहे. डिसेंबर 2016 मध्ये मॉल ऑफ कतार उघडला, एप्रिल 2017 मध्ये दोहा फेस्टिव्हल सिटी. देशाची वस्ती तीस लाखांच्या आतबाहेर. आणि जून 2017 मध्ये सौदी, अमिरात, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, जमिनीवरची एकमेव सीमा बंद झाली, ती उघडली थेट जानेवारी 2021 मध्ये. सौदीहून गाडीने येणाऱ्या कुटुंबावर ज्याने हिशेब बांधला होता त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी दोह्याशेजारच्या लुसैलमध्ये प्लास व्हान्दोम हा आणखी एक मॉल उघडला. वस्ती तीच, गाळे वाढले.

बहारीनचं वेगळंच. तिथल्या मॉलना आठवडी सुट्टीला 25 किलोमीटरचा किंग फहद पूल ओलांडून सौदी गिऱ्हाईक मिळतं, आणि कित्येक वर्षं त्यातलं मोठं कारण सिनेमा हे होतं. 2018 मध्ये सौदीतच थिएटरं सुरू झाली आणि ते कारण पातळ झालं. म्हणून पार्किंगमध्ये गाड्यांच्या नंबरपाट्याही मोजा. अर्ध्या पाट्या शेजारच्या देशाच्या असतील तर तुमचा धंदा त्या देशाच्या निर्णयांवर उभा आहे.

गाळ्याची जागा

एकाच मॉलमध्ये शंभर पावलांवर वर्दळ निम्मी होते. नव्याने जोडलेल्या विंगमध्ये स्वस्त गाळा मिळतो तो याचमुळे. त्या पट्ट्यातले 'लवकरच येत आहोत' असे फलक मोजा, महिन्याने पुन्हा जा. तेच फलक तसेच असतील तर ते रिकामे गाळे आहेत, फक्त रंगीत फळी लावलेले. गाळ्याच्या दोन्ही टोकांना ओढ लावणारं काही हवं, एका बाजूला हायपरमार्केट किंवा सिनेमा, दुसऱ्या बाजूला सरकता जिना. एकाच बाजूला असेल तर माणसं तिथूनच माघारी वळतात.

करारात काय लिहून घ्यायचं

भाडं बहुधा 'किमान रक्कम किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, जे जास्त असेल ते' असं असतं. किमान रकमेवरच घासाघीस करा. टक्का लागू होण्याइतकी विक्री झाली तर तुम्ही आनंदातच असाल. फिट-आऊटसाठी, म्हणजे गाळ्याची आतली सजावट करायला, बिनभाड्याचे दोन-तीन महिने मागा, आणि ते गाळा ताब्यात मिळाल्यापासून मोजा, सहीपासून नव्हे. शेजारचं हायपरमार्केट अजून उघडायचं असेल तर ते उघडेपर्यंत भाडं कमी, असं कलम घालायला सांगा. ठराविक अंतरात दुसरी शाखा काढायला मनाई करणारं कलम असतं, ते नीट वाचा. दुबईत करार इजारीवर, म्हणजे तिथल्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंदवला गेला का ते बघा. नूतनीकरणाच्या वेळी अटी बदलायच्या तर 90 दिवस आधी कळवावं लागतं, आणि वादात पहिला कागद मागतात तो इजारीचा.

विक्री ठरलेल्या आकड्याखाली राहिली तर दीड-दोन वर्षांनी बाहेर पडता यावं, अशी अटही मागा. मोठ्या ब्रँडला ती सहज मिळते, लहान दुकानदाराला भांडून. मिळालीच तर बाहेर पडल्याच्या तारखेनंतरचे, भाड्यापोटी आधीच दिलेले पुढच्या तारखेचे चेक किती दिवसांत परत मिळतील हेही त्याच कलमात लिहून घ्या.