दोरीचा परकर: १८३०-४० च्या दशकातला घेर घरी कसा शिवावा

१८३२ साली मुंबईत ‘दर्पण’ निघालं, तेव्हा लंडनच्या बायकांच्या झग्याखाली घेर फुलवणारा पोलादी कड्यांचा पिंजरा नव्हता. पिंजऱ्याचं पेटंट १८५६ चं. त्याआधीची पंचवीसेक वर्षं झग्याचा घेर पेलला तो एकावर एक घातलेल्या परकरांनी, आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या परकरांत बऱ्याचदा सुती दोऱ्या भरलेल्या असत. म्हणूनच त्या काळातल्या नाटकात गोऱ्या मडमेला कड्यांचा पिंजरा घातलेला दिसला की मला चैन पडत नाही. दोरीचा परकर शिवायला वेळ फार लागतो, पण अवघड काहीच नाही. साधा धावदोरा येत असेल तर तो तुम्हालाही जमेल.

ब्लाऊजच्या गळ्याला दोरी घालून पायपिंग करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. इथे तेच करायचं, फक्त परकराच्या तळापासून वर, आडव्या पंचवीस ओळी. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कडकपणा एकट्या दोरीतून येत नाही. दोरी तर मऊच असते. कापड तिला किती आवळून धरतं यावर सगळं ठरतं. दोरी शिवणीच्या घरात सैल फिरत असेल तर पंचवीसच्या जागी पन्नास भरा, परकर लोळणारच.

कापड तेव्हा कसं होतं

शिवायचे परकर बहुतेक साध्या विणीच्या पांढऱ्या सुती कापडाचे. इंग्रज ज्याला कॅलिको म्हणत, त्याचं नाव आपल्याच कालिकतवरून पडलेलं. पण १८३० पर्यंत हे कापड लँकाशायरच्या गिरण्यांतून ढिगाने आणि स्वस्तात निघत होतं. एका झग्याखाली चार-पाच परकर घालणं परवडू लागलं ते त्यामुळे.

काही कापडांत दोरी मागावरच विणलेली असे. उभा ताणा बारीक सुताचा. आडव्या बाण्यात काही फेरे बारीक धाग्याचे टाकायचे, मग अनेक पदरी जाड दोरीचा एक फेरा, पुन्हा बारीक. ताण्याचे धागे त्या जाड फेऱ्यावरून वळताना तिथे उंच कणा उठतो. दोन जाडीचे धागे म्हणजे बाण्याचा धागा वाहून नेणारे धोटेही दोन लागणार. धोट्यांची अदलाबदल सोपी करणारी पेटी रॉबर्ट केने १७६० मध्येच काढली होती. वडील जॉन के यांनी उडता धोटा आणला, मुलाने त्याला ही जोड दिली. बाणा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवा जात असल्याने असं कापड उभं वापरलं की दोऱ्या आपोआप अंगाभोवती फिरतात. शिवणारीला फक्त पट्ट्या जोडायच्या.

याच काळातलं तिसरं कापड क्रिनोलीन. फ्रेंचमध्ये ‘क्रँ’ म्हणजे घोड्याचा केस आणि ‘लँ’ म्हणजे जवसाचा धागा. ताणा सुताचा किंवा लिननचा, बाणा शेपटीच्या केसांचा. केस जेवढा लांब तेवढाच कापडाचा पन्हा, त्यामुळे हे कापड अरुंदच विणलं जाई. पुढे क्रिनोलीन हे नाव पोलादी पिंजऱ्याला चिकटलं, आणि आज केसांची आठवण कुणाला राहिलेली नाही.

काय आणाल

४४ इंची पन्ह्याचं मांजरपाट किंवा लाँगक्लॉथ साडेचार मीटर. घट्ट विणीचं घ्या. उजेडात धरल्यावर जाळी दिसली तर परत ठेवा. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात पायपिंगची सुती दोरी मिळते, ती साधारण ३ मिलिमीटर जाडीची, ८० मीटर. नायलॉनची दोरी चालणार नाही, ती घसरते आणि खळ पीत नाही. शिवायला सुती दोरा.

आधी धुणं

कापड आणि दोरी, दोन्ही गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. दोरीची लड सैलसर बांधून जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला, म्हणजे गुंता होत नाही. मी पहिल्या परकराच्या वेळी कापड धुतलं, दोरी तशीच वापरली. पहिल्याच धुण्यात प्रत्येक दोरी आखडली आणि सगळा तळ चुरगळून गोळा झाला. कितीही इस्त्री फिरवली तरी तो सरळ झाला नाही. तीन आठवड्यांचं काम होतं ते.

बेतणं

तयार परकर ९० सेंटिमीटर लांब धरू. झग्याच्या तळापासून तो बोटभर नव्हे, चांगला १० सेंटिमीटर वर असावा. दोऱ्या दुहेरी कापडात बसतात, म्हणून तळाशी ३० सेंटिमीटर कापड आत दुमडायचं. शिवाय प्रत्येक दोरीभोवती वळताना कापड थोडं खाल्लं जातं, दर ओळीला दीड ते दोन मिलिमीटर. पंचवीस ओळींत ते चार सेंटिमीटरवर जातं. त्यात कमरेची दुमड मिळवली की प्रत्येक पट्टी १३० सेंटिमीटरची हवी.

अशा तीन पट्ट्या काढा. कातरू नका, काठाला छोटी चीर देऊन फाडा, म्हणजे धागा सरळ राहतो. तिसरी पट्टी उभी निम्मी करा. अडीच पट्ट्या जोडून घेर सुमारे पावणेतीन मीटर होतो. उरलेल्या अर्ध्या पट्टीतून कमरेचा पट्टा निघेल. सगळ्या शिवणी घाला, फक्त मागची उघडी ठेवा. मग तळाचे ३० सेंटिमीटर उलट्या बाजूला दुमडून कडक इस्त्री करा.

दोऱ्या भरणं

पहिली दोरी दुमडीच्या अगदी तळात बसवा. दोन्ही पदर खाली ओढून धरा, अंगठ्याचं नख दोरीच्या वरच्या अंगाला दाबत पुढे न्या आणि नखाने पडलेल्या रेघेवरच धावदोरा घाला. टाके बारीक, एका सेंटिमीटरमध्ये तीन-चार. सुई दोरीला चाटून गेली पाहिजे, पण तिच्यात घुसता कामा नये. दोरा दोरीत अडकला की ती ओळ तिथे आखडते आणि खाली लगेच सुरकुती दिसते.

दुसरी दोरी वरच्या उघड्या बाजूने दोन पदरांच्या मध्ये सोडायची, पहिल्या शिवणीला टेकेपर्यंत खाली सारायची आणि पुन्हा तसंच. आधी पट्टीने सगळ्या रेघा आखून ठेवायचा मोह होईल. आखू नका. कापड दर ओळीला खाल्लं जात असल्याने आखलेली रेघ आणि खरी जागा चौथ्या-पाचव्या ओळीलाच जुळेनाशी होते. खालची दोरी हीच वरचीची पट्टी. याच कारणाने दोन्ही पदर आधी कच्च्या टाक्यांनी जखडूही नका. त्यांना खाली सरकायला मोकळीक हवी, इकडेतिकडे टाचण्या लावल्या की पुरे.

पहिल्या गटात १० दोऱ्या. मग ३ सेंटिमीटर मोकळी जागा सोडून ६, पुन्हा तेवढीच जागा आणि ५, शेवटी ४. प्रत्येक नवा गट सुरू करताना तळापासूनचं अंतर दर वीतभराने मोजून घ्या. खालचा गट सगळ्यात दाट असावा, कारण झग्याला बाहेर ढकलायचं काम तळच करतो.

हाताने एक ओळ भरायला मला तासभर लागतो. त्या काळी हे हातानेच व्हायचं. शिवणयंत्राचं एलियास होवेचं पेटंट १८४६ चं, आणि घरोघरी यंत्रं यायला त्यानंतरही बराच काळ गेला. नाटकासाठी घाई असेल तर मशीनला झिपचा फूट लावून काम खुशाल करा, आवळ तीच मिळते. पण निदान पहिला गट हाताने भरून बघा, असं मी मनापासून सांगेन. सातव्या-आठव्या ओळीपर्यंत हातात नुसतं जाडसर कापड असतं. दहावी संपली की तीच पट्टी टेबलावर कडेने ठेवली तर आपली आपण उभी राहते. अजून खळ लागलेली नसते, तरीही. तो क्षण पाहिल्यावर उरलेल्या पंधरा ओळी जड जात नाहीत.

सगळ्या भरल्या की आतल्या पदराची वरची कड १ सेंटिमीटर दुमडून हातशिलाई करा.

मागची शिवण आणि कंबर

उघड्या दोन्ही कडांना दोऱ्यांची टोकं दिसतील. प्रत्येक दोरी थोडी बाहेर ओढून दीड सेंटिमीटर कापा, म्हणजे ती शिवणीच्या आत येणार नाही. तिचं टोक दोन टाक्यांनी जागेवर अडकवा, नाहीतर धुतल्यावर ती आत पळते. मग मागची शिवण खालून वर घाला आणि वरचे २५ सेंटिमीटर चिरेसाठी मोकळे सोडा.

कमरेला १८४० च्या दशकातली रीत फार सुरेख आहे. वरची कड दुमडायची आणि तिच्यात एकाखाली एक, अगदी सारख्या टाक्यांचे दोन धावदोरे घालायचे. वरचा टाका जिथे, बरोबर त्याखाली खालचा. दोन्ही दोरे एकदम ओढले की कापड वहीच्या पानांसारखं बारीक, उभ्या चुण्यांत मिटतं. प्रत्येक चुणीचा माथा पट्ट्याला एकेक टाक्याने जोडा. पावणेतीन मीटर कापड असं कमरेएवढं होतं, आणि पट्ट्याखालून लगेच घुमटासारखं फुलतं. नेफा घालून नाडी ओवली तरी परकर होतो, पण तो फुलोरा येत नाही. पट्ट्याच्या टोकांना बंद लावा, म्हणजे एकच परकर दोन-तीन मापांना चालतो.

खळ

माझी आजी लुगड्यांना तांदळाच्या पेजेची खळ द्यायची. इंग्रज घरांत गव्हाची, तांदळाची किंवा बटाट्याची असे. एक लिटर उकळत्या पाण्याला चार मोठे चमचे तांदळाचं पीठ किंवा आरारूट, आधी गार पाण्यात कालवलेलं. सतत ढवळा, पारदर्शक झालं की फडक्यातून गाळा. गुठळी राहिली तर दोरीच्या कण्यावर पांढरा डाग पडतो. पांढरेपणा हवा असेल तर नीळ याच पाण्यात मिसळा.

दोऱ्यांचा भाग कोमट खळीत दहा मिनिटं बुडवा आणि न पिळता दाबून काढा. कंबरेला टांगून सावलीत वाळवा. अर्धवट ओलं असताना प्रत्येक गट दोन्ही हातांनी ताणून गोल सरळ करा. वाळल्यावर तो तसाच राहतो. इस्त्री मोकळ्या पट्ट्यांवर आणि वरच्या साध्या भागावर. दोऱ्यांवर दाबून फिरवली तर कणा चपटा होतो.

घालताना हा परकर शमीज आणि कॉर्सेट (कंबर आवळणारी ताठ चोळी) यांवर, पण परकरांमध्ये सगळ्यात आत. त्यावर किमान एक, जमल्यास दोन साधे खळीचे परकर, नाहीतर दोऱ्यांच्या रेघा झग्यावर उमटतात.

ठेवणीत टाकताना मात्र खळ धुऊन काढा. पावसाळ्यात खळ ओल धरून मऊ पडते आणि कसर आधी तिथेच लागते. घडी दोन गटांच्या मधल्या मोकळ्या पट्टीवर घाला, दोरीवर कधीच नाही. सगळ्यात आधी झिजते ती तळाची दुमड, जमिनीला आणि टाचेला घासून. धागे विरलेले दिसले की दोरी बाहेर यायच्या आत तिथे आडवी सुती फीत शिवून टाका.