गणितात वरचा वर्ग मागायला जाण्याआधी

इथे अमेरिकेत आमची थोरली चौथीत पाचवीचं गणित करत होती, पाचवीत सहावीचं. मिडल स्कूल सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात बाईसाहेब पुन्हा सहावीच्या पुस्तकासमोर. काउन्सेलर म्हणाली, आमच्याकडे तशी काही नोंद नाही. नसणारच. दोन वर्षं सगळं तोंडी चाललं होतं आणि प्रिन्सिपल गोड बोलायची, म्हणून मीही कधी कागद मागितला नाही. आता धाकट्याची पाळी आहे.

जानेवारीतच सुरुवात करा. मे महिन्यात वेळापत्रकं ठरत आलेली असतात आणि ऑगस्टमध्ये "जागा नाही" एवढंच ऐकायला मिळतं.

आधी डिस्ट्रिक्टचं (म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचं) धोरण आणि राज्याचा नियम वाचा. हुशार मुलांसाठी वेगळी सोय केलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही, त्यामुळे "हा तिचा हक्क आहे" हे वाक्य राज्याचा नियम हातात असल्याशिवाय तोंडातून काढू नका. ओहायोत प्रत्येक डिस्ट्रिक्टला असं वर चढवण्याचं धोरण ठेवावंच लागतं. टेक्सासमध्ये सहावीपासून पुढे, न शिकलेल्या विषयाची परीक्षा देऊन 80 टक्के मिळवले की तो विषय पूर्ण झाल्याचं क्रेडिट मिळतं. उलट सॅन फ्रान्सिस्कोने 2014 मध्ये आठवीतला अल्जिब्राच काढला, तो परत आणायचं ठरायला 2024 उजाडलं. तेव्हा दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीचा अनुभव ऐका आणि तिथेच सोडून द्या.

मग पुरावा. राज्याच्या परीक्षेतले पैकीच्या पैकी इथे फारसे कामाचे नाहीत, कारण त्यावरून मूल आपल्या इयत्तेचं गणित जाणतं एवढंच कळतं. मॅप ग्रोथचे, म्हणजे मुलाच्या उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-अवघड होत जाणाऱ्या परीक्षेचे, आकडे मागा. त्या परीक्षेची दुसरी ते पाचवीची एक आवृत्ती असते आणि सहावीपासून वरची वेगळी. पाचवीतलं मूल खूप पुढे असेल तर वरची देता येईल का, हे विचारा. याहून चांगलं म्हणजे, जो वर्ग ओलांडायचा आहे त्याची वर्षअखेरची चाचणी शाळेलाच घेऊ द्या. चुकलेले प्रश्न पाहायला मागा. अपूर्णांक किंवा गुणोत्तर कच्चं निघालं तर उन्हाळ्यात भरून काढा, लपवू नका. ते अल्जिब्रात बाहेर येतंच. क्लासच्या वर्कशीट्सची चळत घरीच ठेवा, टीचर ती चाळतसुद्धा नाहीत. आयोवा अ‍ॅक्सलरेशन स्केल, म्हणजे मुलाला वर चढवावं का हे ठरवायचा तक्ता, तोही नको, तो अख्खी इयत्ता ओलांडण्यासाठी आहे. मी तोच छापून नेला होता.

मुलाला विचारा. खरंच विचारा.

मीटिंगमध्ये "कंटाळतो" म्हणू नका. टीचरला तो आपल्यावरचा ठपका वाटतो आणि पुढचा अर्धा तास त्याच्या सारवासारवीत जातो. "गेल्या दोन महिन्यांत याने नवीन काय शिकलं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून या वेळी नवऱ्याला बोलू देणार आहे.

आणि आता तो कागद. "हो" मिळालं की त्याच संध्याकाळी ईमेल करा: आज असं ठरलं, बरोबर ना? उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडू नका. त्या ईमेलमध्ये पुढच्या वर्षाचं लिहून घ्या. या वर्षाचं नव्हे, पुढच्या वर्षाचं! पाचवीत सहावीचं गणित झालं, तर सहावीत कोणतं, कुठल्या इमारतीत, शिकवणार कोण? शाळा बदलणार असेल तर नव्या शाळेच्या काउन्सेलरला त्याच ईमेलमध्ये घ्या. "ते आम्ही बघू" हे उत्तर नाही. मला दोनदा "बघू" म्हणाले होते. निर्णय मुलाच्या फाइलमध्ये गेला का, तेही तपासा. 1974 च्या फर्पा कायद्याने पालकांना शाळेतल्या नोंदी पाहता येतात आणि मागितल्यापासून 45 दिवसांत त्या दाखवाव्या लागतात. आम्ही ते पाहायला गेलो तेव्हा सप्टेंबर संपत आला होता.

पुढचं भराभर सांगते. गणिताच्या तासाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर बस कोणाची आणि त्या वेळात कोणता विषय बुडतो, हे विचारा. सहावीत अल्जिब्रा झाला तर नेहमीच्या क्रमाने दहावीत कॅल्क्युलस येतो, मग अकरावी-बारावीला काय? काही डिस्ट्रिक्टमध्ये मिडल स्कूलमधल्या अल्जिब्राचा ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) चढतो, आपल्याकडे चढतो का ते आधी कळू दे. जमलं नाही तर किती आठवड्यांत परत येता येईल, तेही. पेन्सिली वगैरे तुमचं तुम्ही बघा.

जूनमध्ये शाळा बंद व्हायच्या आत त्या ईमेलची प्रत काढा. मी दोन काढणार आहे.