गोट्या सोडा, केंद्रक मोजा: रदरफर्डचा प्रयोग घरच्या फरशीवर

डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचा व्यास पट्टी न लावताही काढता येतो. तिच्या दिशेनं काहीतरी सोडत राहायचं आणि किती वेळा धडक बसली ते मोजायचं. अणूच्या पोटात इवलंसं, जड केंद्रक आहे हे शास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्डला याच रीतीनं कळलं. घरी एका सुटीच्या दुपारात ते करून बघता येतं, फक्त माणसं दोन हवीत: लपवणारा एक, गोट्या सोडणारा दुसरा.

जागा म्हणून दोन बाय दोनची एक टाइल घ्या, म्हणजे 60 सेंमी रुंदीचा पट्टा आयता मिळतो. ओसरीतली टाइल टाळा. तिला अंगणाकडे उतार असतो. टाइलवर गोटी ठेवून हात काढा. ती स्वतःहून चालू लागली तर जागा बदला.

झाकायला केळीचा रिकामा खोका उलगडून 70 सेंमी रुंद, 40 सेंमी खोल पुठ्ठा कापा. जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे असे खोके हवे तेवढे मिळतात. चार कोपऱ्यांखाली काडेपेट्या कडेवर उभ्या करा, पण या पट्ट्याच्या बाहेर. पुठ्ठा मधे झोळ खातो, म्हणून वरून एक लाकडी पट्टी चिकटवा. गोटी नेहमीची, 16 मिमीची. घसरगुंडीसाठी एक इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा चिरा. ठिबक सिंचनाची 16 मिमीची नळी चालत नाही, गोटी अडकते. सबमेनचा, म्हणजे ठिबकच्या जाड पाइपचा, तुकडा रुंद पडतो आणि गोटी आत डुलत येते. पाइपचं मागचं टोक 5 सेंमी उंच ठेवा, पुढचं टाइलवर टेकवा. गोटी दरवेळी वरच्या टोकापासूनच सोडा, ढकलू नका.

आता टाइलच्या कडेवर दर सेंमीला खडूनं खूण करा, 1 ते 60. तेवढ्याच चिठ्ठ्या डब्यात टाका. चिठ्ठी निघेल त्या खुणेवर पाइप सरळ लावायचा आणि चिठ्ठी परत डब्यात. हा कंटाळवाणा भाग गाळला की प्रयोग फसतो: दोनचार धडका बसल्या की हात नकळत तिकडेच वळतो.

पहिली फेरी रदरफर्डच्या आधीच्या शास्त्रज्ञाची, जे. जे. थॉमसनची. 1897 मध्ये इलेक्ट्रॉन सापडल्यावर त्यानं असा अणू मांडला की धनभार सगळीकडे पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठात उडीद असतो तसा, कुठेही गोळा न झालेला. पुठ्ठ्याखाली मूठभर दादर ज्वारी पातळ पसरा आणि वीस गोट्या सोडा. गोट्या मंदावतात, थोड्या वाकतात, पण मागे एकही येत नाही. दाण्याच्या मानानं गोटी फार जड. (दादर दाट ओतलीत तर गोटी रुतून बसेल.) रदरफर्डची गोटी म्हणजे अल्फा कण, धनभार असलेला. तो तर इलेक्ट्रॉनच्या सात हजार पटींहून जड असतो.

मग दादर झाडून काढा. लपवणाऱ्यानं कॅरमच्या सोंगट्या दोन-दोन एकावर एक चिकटवून तीन ढीग करावेत आणि ते दुहेरी टेपनं फरशीला पक्के करावेत. नाहीतर गोटी त्यांना सरकवते. सोंगट्यांवरची पावडर आधी पुसा, टेप धरत नाही. ढिगांमध्ये आडवं अंतर किमान 10 सेंमी, म्हणजे एकाच्या आड दुसरा लपणार नाही. सोडणाऱ्याला ढीग किती ते सांगा. जागा आणि आकार सांगू नका. रदरफर्डलाही ज्यावर अल्फा कण सोडले त्या सोन्याच्या पत्र्यात अणू किती हे हिशेबानं माहीत होतंच.

दोनशे गोट्या सोडा. निसटता ठोकाही धडकच. तो सुटला की व्यास कमी येतो. एकच गोटी दोन ढिगांना लागली तरी धडक एकच धरा. समजा 47 धडका बसल्या. गोट्यांचा जेवढा वाटा धडकला, टाइलच्या रुंदीचा तेवढाच वाटा ढिगांनी अडवलेला. तो तीन ढिगांत वाटा:

47 ÷ 200 × 60 ÷ 3 = 4.7 सेंमी

यात गोटीची जाडीही आली आहे, कारण गोटीची कड लागली तरी धडक होते. 1.6 वजा करा, उरले 3.1. पुठ्ठा उचलून पट्टी लावा. साधारण अर्धा-पाऊण सेंमी इकडेतिकडे होईल. पन्नासच गोट्या सोडल्या तर चूक दुप्पट होते.

मँचेस्टरमध्ये 1909 साली रदरफर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत अल्फा कण आदळून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे लुकलुकते ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक मोजत होते. 0.00004 सेंमी जाडीच्या सोन्याच्या पत्र्यातून जाणाऱ्या सुमारे 20,000 अल्फा कणांपैकी एखादाच काटकोनाइतका वळत होता. त्यावरून 1911 मध्ये रदरफर्डनं केंद्रक मांडलं.

आपली नक्कल एका ठिकाणी लंगडी पडते. गोटीला शिवावं लागतं. अल्फा कण मात्र धनभारामुळे न शिवताच मागे फिरतो. त्यामुळे रदरफर्डला मिळाली ती आकाराची वरची मर्यादा, सुमारे 3×10⁻¹⁴ मीटर. सोन्याच्या केंद्रकाची खरी त्रिज्या त्याहून बरीच कमी, साधारण 7×10⁻¹⁵ मीटर. शिवाय आपली टाइल फार गर्दीची आहे: सोंगटी केंद्रक धरली तर सोन्याच्या अणूची कड जवळपास 300 मीटरवर, म्हणजे शेताच्या दुसऱ्या बांधापलीकडे जाईल.

ढीग एकच ठेवूनही करून पाहा. दोनशेत पंधरा-सोळाच धडका बसतात आणि चूक सेंमीभर होते. तीन ढिगांइतकं अचूक उत्तर हवं असेल तर सातशेच्या आसपास गोट्या सोडाव्या लागतात.